पाणी कोणाच्या मालकीचें?
(सभेंतील भाषण)



विहीर ज्याच्या ताब्यांत, गांव त्याच्या मुठींत, हें आपणांस सांगावयास नको. हाच प्रश्न विलायतेंतील बर्मिंगहॅम शहरापुढें उभा राहिला, तेव्हां तो एका कारखानदारानें कसा सोडविला, व त्यांत काय राहून गेलें, तें आज आम्ही सांगणार आहों.

जोसेफ चेंबरलेन याचा जन्म १८३६ सालीं लंडनास झाला. बापाचा जोड्यांचा व्यापार होता. सोळाव्या वर्षीं शाळा सुटली व पोरगा दुकानांत लागला. १८५४ सालीं बापानें त्याला आपल्या बहिणीचे यजमान नेटलफोल्ड यांच्या कारखान्यांत बर्मिंगहॅमास धाडलें. तेथें स्क्रू होत. पूर्वीच्या स्क्रूला टोंक नसे. सुताराला आधीं गिरमिटानें भोंक पाडावें लागे. नेटलफोल्डनें अमेरिकेंतील यंत्राचा हक्क विकत घेतला व टोंकदार स्क्रू निघूं लागले. पेढी गबर झाली. लहान लहान स्क्रूवाले मात्र तिच्यापुढें टिकले नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे.

१८६९ सालीं चेंबरलेन नगरसभेंत निवडून आला व १८७३ पासून १८७६ पर्यंत मेयर होता. त्याच्या आधीं सभेंत ‘पट्टी वाढवूं नका’ एवढाच मंत्र जपणारांचा जोर होता. पट्टी वांचली, पण गरिबांच्या गल्ल्यांतील विहिरींत गटारें झिरपत होतीं. ज्यानें पैसे वांचविले त्याच्या घरीं ताप नव्हता. ताप गल्लींत होता!

चेंबरलेननें व्यापाऱ्याचाच हिशेब मांडला. दिव्यांचा गॅस दोन कंपन्या विकीत व नफा भागीदार खात. १८७५ सालीं शहरानें कर्ज काढून सुमारें वीस लाख पौंडांना दोन्ही कंपन्या घेतल्या. पहिल्याच वर्षीं ३४ हजार पौंड नफा झाला. तो शहराच्या कामीं आला. मग सुमारें साडेतेरा लाख पौंडांना पाण्याची कंपनी घेतली. तेथें मात्र त्याचें म्हणणें निराळें होतें. पाण्यावर नफा काढावयाचा नाहीं. लोकांचें आरोग्य हाच त्याचा नफा.

येथवर आम्ही त्याची तारीफ करूं. पण पुढचें ऐका. १८७५ च्या कायद्याचा आधार घेऊन शहराच्या मध्यावरील घाणेरडी वस्ती पाडावयाचें ठरलें. तेथें कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता निघाला, मोठमोठीं दुकानें उभीं राहिलीं. आणि जुन्या घरांतले कामकरी? त्यांच्यासाठीं त्या जागीं घरें झालीं नाहींत. तीं दुसऱ्या गजबजलेल्या गल्ल्यांत जाऊन दाटलीं. नगरसभेनें कामकऱ्यांसाठीं पहिलीं २२ घरें बांधलीं तीं १८९० च्या सुमारास. तोंवर चेंबरलेन पार्लमेंटांत जाऊन चौदा वर्षें लोटलीं होतीं.

असें कां व्हावें? माणूस कर्तबगार होता, पैसे खाणारा नव्हता. पण ज्यांचीं घरें पाडावयाचीं, ते त्या सभेंत बसलेले नव्हते. गॅसचा हिशेब मेयरला येत होता, पाण्याचाहि येत होता; भाड्याच्या खोलींतून निघालेल्या बाईनें रात्रीं पोरें कोठें निजवावीं हा हिशेब मांडणारा तेथें कोणी नव्हता.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. पाणी, दिवा, रस्ता हीं सर्वांच्या मालकीचीं असावींत, हें या कारखानदारापासून जरूर शिकावें. पण भल्या माणसाला मत दिलें म्हणजे आपलें काम संपलें, असें समजूं नये. सुतार, लोहार, चांभार, शेतकरी यांनीं स्वतः सभेंत बसावें, जमाखर्च वाचावा, आणि घर पाडण्याचा ठराव येईल तेव्हां पहिला प्रश्न विचारावा: येथला माणूस उद्यां कोठें राहणार?