संगणकातील बांध आणि पाळी



पवना नदीच्या काठचे पुनावळे हे माझे गाव. आज मुंबई-बंगळूर महामार्गाने जाताना तिथे उंचच उंच इमारती दिसतात, आणि सकाळी हिंजवडीच्या कचेऱ्यांकडे निघालेल्या मोटारी भुयारी मार्गाशी खोळंबलेल्या दिसतात. माझ्या लहानपणी तिथे ऊस होता, ज्वारी होती, आणि आमच्या तीन घरांत मिळून एक विहीर होती. विहिरीवर मोटार एकच. सोमवार-मंगळवार थोरल्या चुलत्यांची पाळी, बुधवार-गुरुवार आमची, शुक्रवार-शनिवार धाकट्यांची. रविवारी विहीर भरू द्यायची. शेताला बांध आणि पाण्याला पाळी, या दोन गोष्टींवर तिन्ही घरांचा सलोखा उभा होता. बांधावरून तंटा क्वचित होई, कारण बांध डोळ्यांना दिसतो. तंटा होई तो पाळीवरून.

आज मला बोलायचे आहे संगणकाविषयी. पण ही विहीर ध्यानात असू द्या. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आपण संगणकावर किंवा खिशातल्या फोनवर एका वेळी अनेक कामे चालवतो. कुणी पत्र लिहितो, त्याच वेळी गाणे चालू असते, मागे कुठे सातबाऱ्याचा उतारा उतरत असतो. या साऱ्या कामांवर देखरेख करणारा जो कार्यक्रम यंत्राच्या अगदी आत बसलेला असतो, त्याला कर्नल म्हणतात. लष्करातल्या कर्नलाशी याचे नाते नाही बरं का! कर्नल म्हणजे शेंगेतला दाणा. आणि गंमत अशी की, या दाण्याभोवती बसून आपल्या आज्ञा ऐकून घेणारा जो भाग असतो, त्याला शेल, म्हणजे टरफल, असेच नाव आहे. आपण कर्नलाला गाभा म्हणू.

पूर्वी या गाभ्याला फारसे काम नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. त्याची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची. त्या पिढीच्या यंत्रांवर साधारणपणे एका वेळी एकाचेच काम चाले. शेजारीच नाही, तर बांध कशाला? एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याचा प्रयोग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात करून दाखवला. शेजार आला, आणि शेजाराबरोबर बांधाचा आणि पाळीचा प्रश्नही आला.

आमच्या पुण्यात सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यात अनेक प्रक्रियक होते, पण प्रत्येकाला स्वतःची स्वतंत्र स्मृती होती, आणि एकमेकांशी बोलायचे ते निरोप पाठवून. म्हणजे प्रत्येक भावाला वेगळे वावर. तुमच्या-आमच्या टेबलावरच्या यंत्रात मात्र वावर एकच असते, आणि त्याचे वाटे पाडावे लागतात.

ते कसे पाडतात? गाभा स्मृतीचे लहान लहान तुकडे करतो. एक तुकडा बहुधा ४,०९६ अक्षरे मावतील एवढा. मग प्रत्येक कामाला तो एक तक्ता देतो. त्या कामाचा सातबाराच म्हणा. काम म्हणते, ‘मला पाचव्या गटात लिहायचे आहे.’ पाचवा गट म्हणजे प्रत्यक्षात कोणती जमीन, हे यंत्रातली एक योजना त्या तक्त्यावरून क्षणार्धात ठरवते. दुसऱ्या कामाच्या उताऱ्यावरही पाचवा गट असू शकतो, पण त्याची जमीन निराळी. आपल्या उताऱ्यावर नसलेल्या जागी कुणी हात घातला, की यंत्र तिथेच अडवते, गाभ्याला वर्दी देते, आणि गाभा बहुधा तेवढे एकच काम बंद करतो. शेजाऱ्याला कळतही नाही. हा झाला बांध. तो यंत्रातच घडवलेला असतो.

पाळीचे काय? यंत्रात एक घड्याळ असते. ते सेकंदाच्या अगदी लहान भागाने गाभ्याला जागे करते. गाभा चालू कामाला म्हणतो, ‘तुझी पाळी संपली, बाजूला हो.’ ही अदलाबदल इतकी झपाट्याने होते की सगळी कामे एकदमच चालली आहेत असे आपल्याला वाटते.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

आमच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. मुले बत्तीस, सगळी एकाच मोठ्या यंत्राला जोडलेली. तासाभराने एकाएकी सगळे पडदे थिजले. अक्षर उमटेना. शेवटी यंत्र बंद करून चालू करावे लागले, आणि मुलांनी जपून न ठेवलेले काम गेले. शोध केल्यावर कळले, एका मुलाचा कार्यक्रम स्वतःची प्रत काढत होता. प्रत काढायची ती एकदाच. पण त्याच्या लिहिण्यात एक अट राहून गेली होती. त्यामुळे प्रत्येक प्रत आणखी एक प्रत काढू लागली. एकाचे दोन, दोनाचे चार. पंधरा दुपटींत हा हिशेब ३२,७६८ वर जातो, हे तुम्ही कागदावर करून पाहा.

मुलगा शेतकऱ्याचा, अबोल. तो एवढेच म्हणाला, “सर, मी मुद्दाम नाही केलं.” मी वर्गासमोर त्याला नको ते बोललो आणि त्याला शून्य गुण दिले.

रात्री यंत्राची नोंदवही वाचत बसलो, तेव्हा माझे मलाच उमगले. त्या मुलाच्या कार्यक्रमाने कुणाच्या स्मृतीला हात लावला नव्हता. बांध शाबूत होता. गिळल्या गेल्या होत्या त्या पाळ्या. तीन घरांच्या विहिरीवर एका घराने हजारो माणसे रांगेत उभी करावी, तसे झाले होते. आणि एका विद्यार्थ्याने किती कामे उभी करावीत याची मर्यादा गाभ्यात असतेच. मी ती कधी पाहिली नव्हती. ती होती तशीच राहिली होती. यंत्राच्या एकूण स्मृतीवरून ठरलेली, आमच्या वर्गाच्या मानाने फारच मोठी. लोकमान्यांची शाळेतली शेंगांची गोष्ट आपण मुलांना हौसेने सांगतो. त्या रात्री मला वाटले, या गोष्टीत आपण त्या मास्तरांच्या जागी आहोत.

श्रोतेहो, बांध यंत्र राखते; पाळी मात्र माणसाला ठरवावी लागते. एका घरात माणसे किती, पीक कोणते, पाणी किती, हे गाभ्याला ठाऊक नसते. म्हणून गाभा रचणारे अभियंते काही आकडे वापरणाऱ्याच्या हाती मोकळे ठेवतात. यांना सेटिंग म्हणतात. लिनक्स या प्रणालीत ते फाइलींसारखे मांडलेले असतात; आकडा वाचता येतो, बदलता येतो, आणि यंत्र न थांबवता तो लागू होतो. मात्र यंत्र पुन्हा चालू केले की तो बदल पुसला जातो. कायम ठेवायचा तर वेगळा नोंदवून ठेवावा लागतो.

असा एक आकडा गाभ्यात नव्याने घालणे सोपे नाही. ज्याने त्याला कधी हात लावला नाही, त्याचेही त्यामुळे नुकसान होऊ नये, असा मूळ आकडा निवडावा लागतो. कुणी शून्य लिहिले, कुणी ऋण संख्या लिहिली, तर नाकारता यावी म्हणून खालची आणि वरची सीमा घालावी लागते. आकडा कोण बदलू शकेल, हे ठरवावे लागते. आणि एकदा आकडा लोकांच्या हाती गेला की तो सहसा काढून घेता येत नाही, कारण त्यावर दुसऱ्यांची कामे उभी राहिलेली असतात. ही शिस्त लिनक्समध्ये फार कडक आहे. पुढे २००८ च्या जानेवारीत लिनक्सच्या गाभ्यात आणखी एक सोय आली: एकट्या कामाला नव्हे, तर कामांच्या अख्ख्या गटाला वाटा ठरवून देता येऊ लागला. पाळी माणसाची न मोजता घराची मोजावी, तसेच हे.

एक प्रश्न उरतो. बांध सर्वांना आहे. पण बांध घालणाऱ्या गाभ्यालाच कोण आवरणार? कुणीच नाही. म्हणून गाभ्याच्या आत कुणाला शिरू द्यायचे, याचा विचार दहा वेळा करावा. १९ जुलै २०२४ ची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा एक संरक्षक कार्यक्रम विंडोज यंत्रांच्या गाभ्यात बसलेला असे. त्याला त्या दिवशी नवी माहिती पाठवण्यात आली. कार्यक्रमाकडे वीस रकाने होते आणि माहिती एकविसावा रकाना वाचायला सांगत होती. तो नसलेली जागा वाचायला गेला. हेच बाहेरच्या कामाने केले असते तर ते एकटेच बंद पडले असते. गाभ्यात घडले, म्हणून सगळे यंत्रच पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी सुमारे ८५ लाख यंत्रे पडली, आणि आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. चूक एका रकान्याची. पण ती झाली होती बांधाच्या आतल्या बाजूला.

आता त्या मुलाविषयी सांगून संपवतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन, जसे सर्वांसमोर बोललो होतो तशीच सर्वांसमोर त्याची क्षमा मागितली. परीक्षा सगळ्यांची पुन्हा घेतली. आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक विद्यार्थ्याला शंभर कामांची मर्यादा घातली होती. मग त्या मुलाला म्हटले, “काल लिहिलेलंच पुन्हा चालव.” तो बिचकला. मी म्हटले, “चालव रे, मी आहे.” त्याने कळ दाबली. शंभरावर त्याचा पडदा अडला: साधनसामग्री तूर्त उपलब्ध नाही. बाकीची एकतीस मुले लिहीत होती ती लिहीतच राहिली. कुणाचा हात थांबला नाही. तो मुलगा वळून त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याने आपली राहिलेली अट लिहून टाकली.

शिक्षक बंधुभगिनींनो, सामाईक वस्तू मुलांच्या हाती देताना ती बिघडली तर कुणाला धरायचे, हे आपण आधीच ठरवून ठेवलेले असते. त्याऐवजी पाळी आधी ठरवावी. माझ्या थोरल्या चुलत्यांनी ती विहिरीच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवली होती. विहीर आता बुजली, तिथे इमारत आहे. त्या दारावरची अक्षरे मात्र मला अजून दिसतात.