सागरातील शिला आणि एक रुपयाचे दान



श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींचे दर्शन घेऊन निघालेली जैन यात्रेकरूंची बस पुष्कळदा कन्याकुमारीपर्यंत जाते. तिकिटासाठी रांग लावावी, नावेने विवेकानंद शिलेवर उतरावे, छायाचित्रे काढावीत आणि परतावे, एवढ्यातच बहुतेकांची भेट आटोपते. जैन समाजाने तरी ही शिला अशी घाईने पाहू नये.

डिसेंबर १८९२ च्या अखेरीस स्वामी विवेकानंद या शिलेवर तीन दिवस ध्यानस्थ बसले. पुढे ३१ मे १८९३ रोजी ते मुंबईहून जहाजाने निघाले आणि सप्टेंबरात शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत उभे राहिले. त्याच परिषदेत महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी हे २९ वर्षांचे श्रावक जैन दर्शन मांडत होते. निमंत्रण होते आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराजांना. परंतु समुद्रप्रवास साधूच्या आचारात बसत नसल्यामुळे वीरचंदभाई गेले. ते १९०१ मध्ये निवर्तले, स्वामीजी १९०२ मध्ये. दोघांपैकी एकालाही चाळिशी लाभली नाही.

शिलेवरील स्मारक उभारले ते अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी. १९६३ हे स्वामीजींचे जन्मशताब्दी वर्ष. स्थानिक ख्रिस्ती मच्छीमारांच्या भावना त्या शिलेत गुंतल्या होत्या आणि मद्रास सरकार भव्य स्मारकास अनुकूल नव्हते. एकनाथजींनी कोणाशी भांडण मांडले नाही. दिल्लीत निरनिराळ्या पक्षांच्या ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या, विरोध करणाऱ्यांच्या भेटी घेतल्या, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. अनेकान्त जन्मापासून कानावर पडलेल्या समाजालाही हे वागणे सोपे जात नाही, हे मान्य करावे लागेल.

पुढचा प्रश्न पैशाचा. सरकारांनी आणि धनिकांनी दिलेच. पण एकनाथजींचा कटाक्ष असा की, लक्षावधी सामान्य माणसांकडून एकेक रुपया घ्यावा. व्यापारी हिशेबाने हा आतबट्ट्याचाच व्यवहार म्हणायचा. पावतीपुस्तके छापा, गावोगाव कार्यकर्ते धाडा आणि हाती रुपया! तरीही २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा ते स्मारक त्या प्रत्येक रुपयाचे होते. धर्मस्थानांच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या वाढत आहेत. त्यांचे दान थोर आहेच. परंतु पाटीपुरती ऐपत नसलेला श्रावक त्या भिंतीपुढे परक्यासारखा उभा राहतो. सुवर्णमहोत्सवी संस्थेच्या विश्वस्तांनी पुढील निधीची यादी करताना त्याच्याही दारी जावे. त्याच्याकडून थोडेच मिळेल, म्हणून त्याला वगळू नये.

शिलेवर ध्यानमंडप आहे. बहुतेक पर्यटक तेथे क्षणभर डोकावतात. ४८ मिनिटांचे सामायिक करणाऱ्यांनी निदान काही वेळ मौन धरून बसावे. डिसेंबर २०२४ पासून काचेच्या पुलाने शेजारच्या तिरुवल्लुवरांच्या १३३ फुटी पुतळ्यापर्यंत चालत जाता येते. तिरुक्कुरळच्या या कर्त्याला तमिळ जैन परंपरा आपलाच मानते.

हाती आणखी एक दिवस असल्यास याच जिल्ह्यातील मार्तंडमजवळची चितराल टेकडी चढावी. तेथील खडकात नवव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तीर्थंकरमूर्ती आहेत. मांगी-तुंगीच्या कड्यांतील मूर्तींना लहानपणापासून वंदन करणाऱ्या नामपूरकरांना त्या ओळखू येण्यासाठी वाटाड्याची गरज पडणार नाही.