मानेवरून ओळखायचं हिंगे

गणपतीचे दिवस. कर्जतजवळच्या एखाद्या वाडीत सकाळी कुणी परसातली जास्वंद खुडायला जातं आणि हाती लागतं ते कुरतडलेलं फूल. पाकळ्यांत इंचभर लांबीचा, काळा-तांबडा पट्टेरी किडा निवांत न्याहारी करत बसलेला. माणूस जवळ आला तरी त्याला पळायची घाई नाही.

हा भुंगेरा म्हणजे हिंगे. इंग्रजीत ब्लिस्टर बीटल, शास्त्रीय नाव मायलॅब्रिस पुस्टुलाटा. अलीकडची पुस्तकं त्याला हायक्लियस या प्रजातीत घालतात. पावसाचा जोर ओसरला की खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात तो जास्वंदीवर, भेंडीवर, बांधावरच्या तुरीवर, शिराळ्या-काकडीच्या फुलांवर दिसू लागतो. याच सुमाराला इर्शाळगड, कोथळीगड, कोंढाणे लेण्यांच्या वाटा मुंबईकरांनी भरून जातात आणि त्याचे फोटोही भरपूर निघतात. फोटोखाली नाव मात्र बहुतेक वेळा भलतंच असतं.

याचं कारण सगळ्यांची नजर रंगावर जाते. पण फुलांवर काळा-तांबडा पोशाख घालणारे बरेच. भेंडीवरचा लाल ढेकूण तर भुंगेराच नव्हे. त्याला सोंड असते, तो रस शोषतो. फुलांवर येणारा आणखी एक तांबडा-काळा भुंगेरा असतो. तो आखूड, टणक आणि पाठीला चपटा. उडतानाही वरचे कडक पंख तो मिटलेलेच ठेवतो आणि खालचे पातळ पंख बाजूने बाहेर काढतो. हिंगे वरचे पंख उघडून, जड अंगाने, आळसावल्यासारखं उडतं.

म्हणून आधी मान पाहावी. हिंग्याचं डोकं खाली झुकलेलं असतं आणि त्यामागे चक्क मान दिसते. भुंगेऱ्यांत ही चैन थोड्यांनाच. अंग लांबट, पंख कातड्यासारखे मऊ. काळ्या पंखांवर खांद्याशी एकेक ठिपका आणि मागे दोन आडवे, नागमोडी पट्टे. त्यांचा रंग तांबडा, नारिंगी किंवा पिवळटही असतो, त्यामुळे रंगाची साक्ष कच्चीच धरावी.

ओळखीची एवढी मातब्बरी कशासाठी? तर त्याच्या रक्तासाठी. डिवचलं की हिंगे पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब सोडतं. त्यात कँथारिडिन असतं. कातडीला लागलं की लगेच काही कळत नाही. काही तासांनी पाणी भरलेला फोड उठतो. मेलेल्या, वाळलेल्या किड्यातही हे विष टिकून राहतं. अमेरिकेत लसूणघासाच्या गठ्ठ्यांत दाबले गेलेले असे भुंगेरे खाऊन घोडे दगावले आहेत. तेव्हा अंगावर बसलं तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावं आणि जागा साबणाने धुवावी.

हे द्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर रोबिके यांनी 1810 मध्ये याच कुळातल्या ‘स्पॅनिश माशी’तून वेगळं केलं. नावात माशी असली तरी तोही भुंगेराच. विष तयार करतो नर. मीलनात ते मादीला आहेर म्हणून देतो आणि तिच्याकडून ते अंड्यांपर्यंत पोचतं. जुलै 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 0.7 टक्के कँथारिडिनचं औषध मोलस्कम या त्वचारोगासाठी मंजूर केलं. ते डॉक्टरांनीच लावायचं असतं. घरगुती प्रयोगाला इथे जागा नाही.

शेतकऱ्याच्या लेखी हिंगे चोरच. फूल खाल्लं की शेंग गेली, भेंडी गेली. हातमोजे घालून किडे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकणं हा जुना उपाय परसबागेला अजून पुरतो. पण हिशेबाची दुसरी बाजू जमिनीत आहे. मादी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेलं चपळ, लांब पायांचं पिल्लू नाकतोड्याच्या अंड्यांची पुंजी हुडकून काढतं. एकदा ती सापडली की पळापळ संपते. कात टाकून पिल्लू गुबगुबीत, सुस्त अळी बनतं आणि अंडी फस्त करतं. या कुळातल्या रूपबदलांचं वर्णन फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ आंरी फाब्र यांनी 1857 मध्ये केलं होतं. भाताच्या खाचरांत नाकतोडे काय करतात हे कर्जतच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. भेंडीच्या फुलावरचा चोर लहानपणी त्याच नाकतोड्यांच्या मुळावर उठलेला असतो.

भातकापणी उरकते, वालाची पेरणी होते आणि फुलांवरची हिंगी दिसेनाशी होतात. त्यांची पिल्लं तेव्हा मातीत असतात.