जिवाणूलाही घर लागते

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात गेले की बियाण्यासोबत काळ्या भुकटीचे पाव किलोचे पाकीट हाती पडते. जिवाणू संवर्धक. दहा किलो बियाण्याला एक पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचे, सावलीत सुकवायचे. कोणी म्हणतो, फरक पडला. कोणी म्हणतो, माती आणली अन् मातीत घातली. आमच्या मते दोघेही खरे बोलतात.

हॉलंडमधील बास बेकिंग या शास्त्रज्ञाने १९३४ साली मांडले, की सूक्ष्म जीव पोहोचतात सगळीकडे, पण कोण टिकणार हे जागा ठरवते. हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या भारी काळ्या जमिनीतले ओले ढेकूळ घ्या. बाहेरून त्याला हवा लागते, आत कोंडलेले असते. बाहेर हवेवर जगणारे जिवाणू, आत हवेवाचून जगणारे. बोटभर अंतरात दोन गावे. आठ दिवस झड लागून वावरात पाणी साचले, की आतल्यांचे राज्य येते. युरियापासून मातीत जे नायट्रेट होते, त्यातला प्राणवायू ते वापरतात आणि नत्र हवेत उडून जाते. पोत्याचे पैसे आपले, पिवळी पडलेली कपाशीही आपलीच. कारंजा-आष्टीच्या बरडावर पाणी थांबत नाही. तिथली अडचण ओल टिकत नाही ही.

आता पाकिटाकडे. तुरीच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम मूग, उडीद, बरबटी, भुईमूग यांच्याही मुळांवर राहतात. ही पिके आपल्याकडे बापजाद्यांपासून आहेत. त्यामुळे जिथे घर आधीच भरलेले, तिथे पाकिटातल्यांना जागेसाठी भांडावे लागते, आणि जुने भाडेकरू सहजी हटत नाहीत. हरभऱ्याचे जिवाणू वेगळे, सोयाबीनचे आणखी वेगळे. सोयाबीन नवे आले तेव्हा त्याचे जिवाणू आपल्या मातीत फारसे नव्हते. घर रिकामे होते, तिथे पाकिटाने काम केले.

नुसती गाठ दिसून भागत नाही. पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने झाड उपटू नका, खुरपीने मातीसकट काढा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. हिरवी-करडी निघाली तर हजेरीपटावर नाव आहे, माणूस कामावर नाही. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या लाल रंगाचाच भाऊबंद. नत्र धरण्याच्या कामाला मोकळी हवा सोसत नाही, म्हणून तो प्राणवायू मोजून देतो. हे घर झाड स्वतः बांधते. मुळाशी युरिया भरपूर पडला, की झाड बांधायचा कंटाळा करते.

आमच्यातल्या काहींनी एका वर्षी बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले. पाकीट आधी दुकानात पत्र्याखाली तापलेले. त्यातले किती जिवंत पेरले गेले, देव जाणे. बुरशीनाशक आधी चोळायचे, जिवाणू शेवटी.

घराचा नियम वैऱ्यालाही लागू आहे. तुरीची मर आणणारी बुरशी मेलेल्या तुरीच्या मुळांत, धसकटांत वर्षानुवर्षे तग धरते. ज्वारीच्या मुळांवर तिचे भागत नाही. पूर्वी आपली पेरच कपाशी, ज्वारी, तूर अशी तासांची असे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही कपाशीचे सहा तास, ज्वारीचा एक, तुरीचे दोन, पुन्हा ज्वारीचा एक, अशी होती. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत ज्वारीसोबतच्या तुरीत मर कमी दिसली.

ज्वारी गेली ती आपल्या अडाणीपणाने नव्हे. भाव नाही, पाखरे राखायला माणूस नाही, रानडुकरे रात्रभर झोपू देत नाहीत. ज्वारी पेरा असा फुकटचा उपदेश करणाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडावा. पण भावांनो, आपल्या हिशोबात मरीने गेलेली तूरही धरावी लागेल. जिथे मर लागली त्या पट्ट्यात तीन-चार वर्षे तूर नको. वावर लहान असेल तर मरीला दाद न देणारे वाण घ्या, आणि तुरीच्या दोन्ही अंगांना ज्वारीचा एकेक तास तरी धरा.

पोळ्याआधीच्या बैठकीला प्रत्येकाने तुरीचे एक झाड मातीसकट पोत्यात घालून आणावे, गाठी इथेच फोडून पाहू. मर लागलेल्या वावरातले मात्र आणू नका. ती माती दुसऱ्याच्या धुऱ्यापर्यंत जायला नको.