गुप्तता आणि भाकरी

शेजारीच नगरला रणगाड्यांचे केंद्र असल्याने लष्करी कचेरीतील मुलकी नोकरीचे मोल आपण नागापूरकर जाणतो. १९८० साली दिल्लीत ‘रॉ’ या हेरखात्यातील कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले. काहींना चौकशीवाचून बडतर्फ करण्यात आले. घटनेचे ३११ वे कलम नोकरास बाजू मांडण्याची संधी देते. परंतु चौकशी व्यवहार्य नसेल, वा राज्याच्या सुरक्षिततेस बाधक ठरेल, तर तेच कलम ती संधी काढून घेते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी उचलून धरली.

गुपित राखले पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. पण ज्याने वर्षानुवर्षे सरकारचे गुपित राखले, त्याचे म्हणणे बंद दाराआड तरी ऐकावे. दार बंद असावे, कान नसावेत.