आधी काय शोधायचे?



शाळेत मुलांची वजने घेण्याचा दिवस आला की गुरुजींना एक अनुभव हटकून येतो. चौथीतला एखादा मुलगा काट्यावर उभा राहतो आणि काटा दुसरीतल्या मुलाइतकाच सरकतो. गुरुजी वहीत आकडा मांडतात आणि मनाशी म्हणतात, "ह्याला कमी पडतंय तरी काय?" दूध कमी पडते, की डाळ? की मुळात भाकरीच पोटभर मिळत नाही? पोटात जंत आहेत? की आईच गरोदरपणी अशक्त होती? एका मुलाचे उत्तर एखादे वेळी गावचे डॉक्टर देतील. पण हाच प्रश्न साऱ्या देशाबद्दल विचारला, तर उत्तर शोधायला पैसा लागतो, शिकलेली माणसे लागतात आणि वर्षे लागतात. ही तिन्ही मोजकीच असतात. म्हणून आधी कशाचा शोध घ्यायचा, हे सरकारला ठरवावे लागते. ते कसे ठरते आणि त्यात चूक झाली तर काय होते, ह्याविषयी आज आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

आपल्याकडे आहारविषयक संशोधनाची सुरुवात अगदी लहान झाली. १९१८ साली दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूरला, मॅक्‌कॅरिसन नावाच्या डॉक्टराने एका खोलीत काम मांडले. विषय एकच होता : बेरीबेरी. सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्यांना हा रोग होई. पाय लुळे पडत, हृदय दुबळे होई. तेव्हा प्राधान्य ठरवायला समिती बसवावी लागली नाही, रोगानेच ते ठरवून दिले. पुढे ह्याच खोलीची प्रयोगशाळा झाली. १९३७ साली तिथून आपल्या देशी अन्नपदार्थांतील पोषणद्रव्यांचे कोष्टक निघाले. ज्वारीत किती, बाजरीत किती, शेवग्याच्या पाल्यात किती, असले आकडे आज आपण सहज सांगतो, त्यांचे मूळ तिथे आहे. १९५८ साली ही प्रयोगशाळा हैदराबादला आली आणि १९६९पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले.

आता एका मोठ्या वादाची गोष्ट सांगतो. १९५५ ते १९७० ह्या काळात जगभरच्या तज्ज्ञांचे असे मत पडले होते की गरीब देशांतील मुलांना मुख्यतः प्रथिने कमी पडतात. संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी सल्लागार मंडळ नेमले. १९६८ साली तर प्रथिनांचे संकट ओढवते आहे, असा अहवालच निघाला. मग सगळा ओघ तिकडे वळला. माशांचे पीठ करा, भुईमुगाच्या पेंडीचे खाण्याजोगे पीठ करा, जास्त लायसिन असलेला मका काढा. इतकेच काय, खनिज तेलावर यीस्ट वाढवून ते माणसाला खाऊ घालता येईल का, ह्यावरही प्रयोग झाले! ह्या कामात हुशारी पुष्कळ होती. पण मूळ प्रश्न नीट विचारला होता का?

तो विचारणाऱ्यांत आपला एक माणूस होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. ते संख्याशास्त्रज्ञ. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी सुमारे वीस वर्षे संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला. आहाराचे आकडे मांडून त्यांनी दाखवले, की ज्याच्या आहारात प्रथिने कमी दिसतात, त्याचे एकूण अन्नच कमी असते. पोटभर भाकरी आणि थोडी डाळ मिळाली, तर प्रथिनांची गरजही बहुतेक भागते. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन ह्यांचेही तेच म्हणणे होते.

हे असे का होते, ते आपल्या घरातल्या उदाहरणाने समजेल. पावसाळ्यात जळण संपले आणि चूल तर पेटवायलाच हवी, अशी वेळ आली तर माणूस काय करील? गोठ्याच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला वासा फोडून चुलीत घालील. शरीराचे तसेच आहे, बरं का. प्रथिने ही अंग बांधायची सामग्री. पण उष्मांकच कमी पडले, तर शरीर ती सामग्रीच जाळून ऊब आणि ताकद मिळवते. अशा मुलाला महागडी प्रथिनांची भुकटी दिली, तरी तिचा बराच भाग सरपणासारखा जळून जातो.

नुसता तर्क करून गोपालन थांबले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या खेड्यांत एक ते पाच वर्षांच्या कुपोषित मुलांना रोज एक साधा खाऊ दिला. गव्हाचे पीठ, साखर आणि तेल. त्यात उष्मांक होते सुमारे ३१० आणि प्रथिने होती फक्त ३ ग्रॅम. हे चौदा महिने चालले. खाऊ मिळालेली मुले, न मिळालेल्यांपेक्षा वजनाने आणि उंचीनेही अधिक वाढली. हा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. तोवर प्रथिनांच्या मागे जगाची दीड-दोन दशके खर्ची पडली होती.

पुढे गंमत अशी, की प्रथिनांच्या बाबतीत एकमत असलेले हे दोघे दुसऱ्या प्रश्नावर एकमेकांच्या समोर उभे राहिले. सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्यात आले. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते. शरीर थोडे कमी-जास्त सांभाळून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी, असे धरू नये. गोपालन ह्यांचे म्हणणे, कमी अन्नावर तग धरणे निराळे आणि निरोगी असणे निराळे. रेघ खाली ओढली तर दुबळेपणालाच आपण मान्यता दिल्यासारखे होईल. दोघेही खरे अभ्यासक, दोघांची तळमळ खरी. पण रेघ दोन बोटे वर-खाली झाली, की देशातल्या उपाशी माणसांचा आकडा कोटींनी बदलतो. आणि आकडा बदलला की पैसा कुठे जायचा, तेही बदलते. मला स्वतःला, वाढत्या मुलांच्या बाबतीत तरी, गोपालन ह्यांचे म्हणणे अधिक पटते. मुलाची खुंटलेली उंची मागाहून भरून निघणे फार अवघड.

दुसरी गोष्ट मिठाची. शोध लागला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी ती ऐकावी.

हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचा रोग पिढ्यान्‌पिढ्या होता. १९५६पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधेच. सहा वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंड चांगलाच घटला. साध्या मिठाच्या भागात होता तेवढाच राहिला. उत्तर स्वच्छ मिळाले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पण पुढे बघा. रोग आरोग्य खात्याचा. मीठ उद्योग खात्याचे. ते मिठागरातून डोंगरापर्यंत न्यायचे रेल्वेने. विक्रीवर देखरेख राज्य सरकारची. चार खात्यांच्या चार वह्या! गलगंडाच्या पट्ट्यापुरतेच आयोडीनचे मीठ पाठवायचे ठरले, तर शेजारून स्वस्त साधे मीठ तिथे येऊन विकले जाई. शिवाय हिमालयाबाहेर, आपल्या महाराष्ट्रातल्याही काही जिल्ह्यांत, हा रोग आढळला. शेवटी १९८३-८४च्या सुमारास खाण्याचे सगळेच मीठ आयोडीनयुक्त करायचे ठरले. साध्या मिठाच्या विक्रीवरची देशव्यापी बंदी २००० साली उठवली गेली आणि २००५ साली पुन्हा घालण्याचा निर्णय झाला. प्रयोगाचे उत्तर मिळाल्यापासून चाळीस वर्षे उलटली होती. आयोडीन कमी पडले तर गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या चाळीस वर्षांची किंमत कळते. प्राधान्य ठरवायला सगळी खाती एका बैठकीला का लागतात, ते ह्यावरून समजावे.

आज तर खाती आणखी वाढली आहेत. वैद्यकीय संशोधन परिषद रोगांकडे बघते, कृषी संशोधन परिषद बियाण्यांकडे. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, शाळेतले जेवण शिक्षण खात्याकडे, रेशनचे धान्य अन्न खात्याकडे. प्रत्येकाचे काम चांगले. पण पोराचे पोट एकच असते ना!

सध्याचा अवघड प्रश्न रक्तक्षयाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ साली, पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. ही मोजणी बोटाच्या टोकातून काढलेल्या थेंबावर झाली होती. त्याआधी २०१६-१८ साली मुलांच्या पोषणाची दुसरी एक देशव्यापी पाहणी झाली. तिच्यात शिरेतून रक्त घेतले होते. तिला एक ते चार वर्षांच्या मुलांत ४१ टक्केच रक्तक्षय आढळला. वयोगटात आणि सालात थोडा फरक आहे, तरी तफावत लहान नाही. शिवाय त्या पाहणीत असेही दिसले, की रक्तक्षयाचे अर्ध्याहून कमी प्रमाण लोहाच्या अभावामुळे आहे. बाकीचे बी-१२ जीवनसत्त्व, फोलिक आम्ल आणि इतर अनेक कारणांनी. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलचा रोग आहे, तो लोहाच्या गोळीने बरा होत नाही. आणि इकडे २०२१ साली रेशनच्या, अंगणवाडीच्या आणि शाळेच्या तांदळात लोह मिसळण्याची घोषणा झाली. आधी नीट मोजावे की आधी मिसळावे, ह्यावर जाणत्या लोकांत मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर मोजणीला पहिली जागा द्यावी.

म्हणूनच एका गोष्टीचे मला वाईट वाटते. १९७२ साली राष्ट्रीय पोषण देखरेख विभाग सुरू झाला होता. त्याचे कार्यकर्ते खेडोपाडी घरात बसून, शिजवायचे धान्य तराजूत तोलून, कोण काय खाते ते लिहून घेत. महाराष्ट्रही त्यात होता. चाळीस वर्षांहून जास्त काळ चाललेले हे काम २०१५ साली बंद झाले. नवी इमारत उभारली की फीत कापता येते, छायाचित्र निघते. तराजू घेऊन फिरणाऱ्या माणसाचे कोण काढणार? नंतर आहाराची आणि रक्ताची मिळून एक नवी देशव्यापी पाहणी हैदराबादच्याच संस्थेने हाती घेतली, ही समाधानाची बाब.

खाती जोडली गेली की काय होते, ह्याचे एक आपल्या जवळचे उदाहरण देतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर धनशक्ती नावाची बाजरी काढली. २०१२ साली ती महाराष्ट्रात प्रसारित झाली. तिच्यात लोह नेहमीच्या बाजरीहून जास्त. पण बियाणे काढून लोक थांबले नाहीत. आपल्याच राज्यातल्या बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी सहा महिने खाऊ घातली, पुढे शेवही दिली, आणि रक्त तपासले. ज्यांच्या अंगात लोह कमी होते, त्यांच्यात ते भरून निघण्याचे प्रमाण साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपटीहून जास्त निघाले. इथे शेती आणि वैद्यक एका ताटावर बसले. गोळी नको, नवी सवय नको. आईच्या हातची भाकरी तीच.

जाता जाता एक विनंती. गावात आहाराची पाहणी करणारे लोक कधी आले, की घरातली बाई बहुधा म्हणते, "काय सांगू बाई, रोजचंच." आणि पाहुण्यांपुढे लाज नको म्हणून काल नसलेली डाळही सांगून टाकते. गुरुजी, बाई, तुम्ही तिथे असाल तर तिला धीर द्या. काल किती भाकऱ्या झाल्या, कोणत्या धान्याच्या, कालवणात काय होते, शेवटी कोण जेवले आणि त्याच्या वाट्याला काय उरले, एवढे तिने खरे सांगावे. कागदावर तेच जाते आणि कोट्यवधी रुपयांचे काम कुठे वळवायचे, ते त्या कागदावरून ठरते.