हळद, जानवे आणि नाताळ

(पुणे येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



आम्ही कोणी शास्त्री-पंडित नव्हे. खेड्यातील शाळामास्तर आहोत. पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवावी, सातबारा वाचता येईल इतके अक्षर त्यांच्या हाती द्यावे, एवढाच आमचा वकूब. तरी आज जे बोलावयाचे ते आमच्या वर्गातूनच निघाले आहे. गेल्या नाताळात गवंडीकाम करणाऱ्या एका ख्रिस्ती घरचा मुलगा आमच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, आमचा सण चोरीचा आहे का हो?"

झाले होते असे की, गावात कोणी एक पत्रक वाटले. त्यात लिहिले होते की, नाताळ हा ख्रिस्ताचा जन्मदिवस नव्हेच, तो रोमच्या सूर्यदेवाचा उत्सव. ईस्टर हे बाबिलोनच्या देवीचे नाव. मेणबत्ती, धूप, घंटा सारे उसनवारीचे. वाटणारे आपल्यापैकीच. त्याच सुमारास त्या मुलाच्या बहिणीचे लग्न ठरले, तर त्यांच्या पाद्रीसाहेबांनी निरोप धाडला की, मुलीला हळद लावाल तर आम्ही लग्न लावणार नाही. हळद मूर्तिपूजकांची आहे. बाहेरचा म्हणतो तुझा सण आमच्याकडून चोरलेला, आतला म्हणतो तुझी हळद परक्याची. या दोघांच्या कात्रीत एक हातावर पोट असलेले घर सापडले.

प्रथम पत्रकाचा समाचार घेऊ. ख्रिस्ताच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत कोठेही दिलेली नाही, हे खरे. रोम शहरातील इ.स. ३५४ सालचे एक पंचांग उपलब्ध आहे. त्यात २५ डिसेंबरला 'अजिंक्य' देवाचा जन्म लिहिला आहे, आणि त्याच ग्रंथात दुसऱ्या यादीत त्याच दिवशी ख्रिस्ताचा जन्मही लिहिला आहे. अजिंक्य म्हणजे सूर्य असाच अर्थ बहुतेक विद्वान करतात. ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोमात सूर्याचे मोठे मंदिर उभारले होते. एवढ्यावरून कोणी कोणाचा दिवस घेतला? काही विद्वान म्हणतात ख्रिस्ती लोकांनी सूर्याचा घेतला. दुसरे म्हणतात की, २५ मार्चला गर्भधारणा मानून त्यांनी नऊ महिने मोजले, सूर्याचा संबंध नाही. वाद अजून मिटलेला नाही. जो वाद विद्वानांत मिटलेला नाही तो पत्रकवाल्याने एका ओळीत मिटविला, आणि त्याचा दंड भरला एका पोराने.

ईस्टरची गोष्ट तर याहून कच्ची. स्कॉटलंडात अलेक्झांडर हिस्लॉप नावाचे एक पाद्री होऊन गेले. रोमन कॅथलिक धर्म म्हणजे जुने बाबिलोनच होय, असे त्यांनी १८५८ सालच्या मोठ्या ग्रंथात मांडले. ईस्टर म्हणजे अस्टार्टी देवी, हा त्यांचा पुरावा. का, तर उच्चार जुळतो! पण आपल्या गोव्याच्या ख्रिस्ती बाईला विचारा, ती ईस्टर म्हणतच नाही, 'पास्कांचे फेस्त' म्हणते. पोर्तुगीजही पास्कुआच म्हणतात, आणि तो शब्द यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचा. ईस्टर हा शब्द इंग्रजीसारख्या एकदोन भाषांतला. त्यामागे एक देवी होती असे बीड नावाच्या इंग्रज साधूने ७२५ च्या सुमारास लिहून ठेवले, त्याखेरीज त्या देवीला दुसरा जुना साक्षीदार नाही. हिस्लॉप साहेबांच्या या ग्रंथाचे उष्टेच आजची पत्रके वाढीत आहेत. मौज ही की, तो ग्रंथ एका ख्रिस्ती पाद्र्याने दुसऱ्या ख्रिस्ती पंथाला झोडपण्याकरिता लिहिला होता.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. उच्चार जुळवून मूळ काढण्याचा हा नाद आमच्या बाजूसही होता. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त महार हा शब्द 'महाअरि' यावरून लाविला. जोतीराव आम्हांस वडिलांच्या ठिकाणी आहेत; तरी ती व्युत्पत्ती आज टिकत नाही, हे आम्ही आमच्या वर्गातही सांगतो. वडिलांचे कर्ज आपण फेडतो, चुकाही आपणच दुरुस्त करावयाच्या.

सणाचे मूळ परके आहे म्हणून सण टाका, असे म्हणणारे ख्रिस्ती लोकच पूर्वी फार झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली कायदा झाला की, नाताळ पाळील त्याला पाच शिलिंग दंड. तो १६८१ पर्यंत चालला. ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव १८४१ साली या पुण्यात शिकावयास गेले, त्या मिशनच्या मूळ देशात नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ साली मिळाली! उलट बाजूस पोप ग्रेगरी. त्यांनी ६०१ साली इंग्लंडात जाणाऱ्या आपल्या माणसांना लिहिले की, तेथील देवळे पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, तीर्थ शिंपडा आणि लोकांचा मेळा जेथे भरतो तेथेच भरू द्या. तेव्हा उसनवारी झाली यात शंका नाही. पोपने ती हुकूम देऊन करविली. पण कोणते उसने ठेवावे आणि कोणते टाकावे, हे ठरविले कोणी आणि कोणाच्या सोयीने, हा प्रश्न पत्रकवाला विचारीत नाही. तो आपण विचारू.

मंडळी, आता आपल्या देशाकडे या. १६०६ साली रोबेर्तो दे नोबिली नावाचे इटालियन पाद्री मदुरेस आले. त्यांनी संन्याशाचा वेष घेतला आणि ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांस जानवे, शेंडी व चंदनाचा टिळा ठेवू दिला. गोव्यातील इतर पाद्री संतापले, हे तर मूर्तिपूजन म्हणाले. दे नोबिलींचे उत्तर असे की, जानवे ही धर्माची खूण नव्हे, ती कुळाची व दर्जाची खूण आहे. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ साली काही अटींवर ते मान्य केले.

जानवे दर्जाची खूण आहे म्हणून निर्दोष ठरले! आम्ही म्हणतो, मूर्तिपूजेची खूण असती तर एक वेळ चालले असते; दर्जाची खूण आहे हाच तर त्याचा दोष. आणि त्याच मदुरा मिशनात पुढे उच्च जातींकरिता निराळे पाद्री आणि हीन मानलेल्यांकरिता निराळे पाद्री झाले.

आता दुसरे चित्र पाहा. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जाहीरनामा काढला. ख्रिस्ती घरांत लग्नाला हळद लावू नये, ओव्या म्हणू नयेत, विडा-सुपारी-फुले वाटू नयेत, अंगणात तुळस लावू नये, इतकेच काय, हिंदू रांधतात तसा बिनमिठाचा भातही रांधू नये! न्यायाने सांगावयाचे तर ही दोन ठिकाणे दोन सत्तांखाली होती, गोव्याच्या बंदीत थोर कुळेही सापडली, आणि १७४४ साली पोपने मदुरेकडील सवलतीही पुष्कळ आवळल्या. तरी पण दोन कागद शेजारी ठेवून वाचा. जात्यावरची ओवी सैतानाची ठरली. ब्राह्मणाच्या खांद्यावरचा दोरा शंभर वर्षे वाद घालण्याजोगा ठरला.

या शहरातही हा झगडा झालेला आहे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, १८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींकडे ख्रिस्ती झाल्या. या भगिनींचे काम पुण्यातही होते. लॅटिन अक्षरांचा क्रूस गळ्यात घालण्याची गोष्ट निघाली, तेव्हा बाईंनी लिहिले की अक्षरे घालावयाची तर संस्कृत घालीन. लॅटिन तरी कोणाची भाषा? ज्युपिटरला नैवेद्य दाखविणाऱ्या रोमची! बाईंचा बाणा आम्हांस प्रिय आहे, पण लॅटिनच्या जागी त्यांनी संस्कृत मागितले, मराठी नव्हे, हेही नजरेतून सुटत नाही. (गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनात १८९० साली पुढाऱ्यांनी घेतलेल्या चहाचे प्रायश्चित्त-प्रकरण आपणांस ठाऊकच आहे. एका पेल्याने धर्म बुडतो अशा शहरात आपण हे बोलत आहोत.)

पुढे १९५५ साली कँडीहून पोपची सेमिनरी नगर रस्त्यावर आली. तेथे दे नोबिलींच्या नावाचे विद्यालयही आहे. १९६९ साली रोमने भारतातील कॅथलिक उपासनेत आरती, उदबत्ती, पंचांग प्रणाम यांस परवानगी दिली. काही कॅथलिकांनी ओरड केली की, हे मूर्तिपूजन घुसले. परंतु खरा बोल १९८१ साली बंगळुरात अरविंद निर्मल यांनी लाविला. भारतीय म्हणून ख्रिस्ती धर्मविचारात जे घेतले जाते ते ब्राह्मणी वेदान्तातले. शूद्र-अतिशूद्रांचे दुःख त्यात कोठे आहे? यातूनच पुढे दलित ईशज्ञान उभे राहिले.

आमच्या मुलाला आम्ही काय सांगितले? सांगितले की, बाळ, साष्टीकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक भाताच्या नव्या लोंब्या देवळात नेऊन 'अगेरा' करतात. तुझ्या शेजारचा शेतकरी खळ्यावर नारळ फोडतो. ते लोक लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नवरीला नारळाचा रस चोळून न्हाऊ घालतात. यात चोर कोण? पीक दोघांनी पिकविले, पाणी दोघांनी ओढले.

मग त्याने विचारले, "हळदीचे काय?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, कारण लग्न लावणे आमच्या हाती नाही. आम्ही त्याच्या बापाबरोबर पाद्रीसाहेबांकडे गेलो. दोन घटका बोललो. ते काही बधले नाहीत. पण जानव्याचा कागद आणि हळदीचा कागद त्यांनी आमच्याकडून मागून घेतला. लग्नाच्या आदल्या रात्री आजीने पोरीला हळद लाविली, चारच बाया, ओवी अगदी हळू आवाजात. सकाळी देवळात अंगठी घालताना बोटे पिवळी दिसत होती. पाद्रीसाहेबांनी ती पाहिली, आणि लग्न लाविले.